गाभाऱ्यातल्या पांढऱ्या टाइल्स

माझ्या थोरल्या बहिणीने चांगली चालू नोकरी का सोडली, हे लोक मला अजून विचारतात. मी म्हणते, देवळाला रंग लावला म्हणून. लोक हसतात. त्यांना वाटतं मी काहीतरी लपवतेय, लग्नाबिग्नाची भानगड असणार. भानगड काही नव्हती. देवळाला खरंच रंग लावला होता, आत पांढऱ्या टाइल्स बसवल्या होत्या, आणि ते पाहून माणिक कुंडाच्या पायरीवर बसून ओकली होती. पण एवढं सांगून कोणाला काही कळत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आम्ही परब. बाबा, धाकू परब, परळच्या एका मिलमध्ये फिटर होते. आम्ही शाळेत असतानाच आई गेली. घाटकोपरच्या चाळीतली खोली सोडून बाबांनी नाहूरला दोन खोल्या घेतल्या, आणि नवीन जागेत जरा स्थिरावतोय तोच संप झाला. मिल बंद पडली ती पडलीच. बाबा सवयीने सकाळी उठून दाढी करायचे आणि मग कुठे जायचं ते न सुचून खिडकीत बसायचे. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले होते. माणिकने सिव्हिलचा डिप्लोमा केला होता. तिच्या वर्गात मुली नावालाच होत्या. तिला पहिली नोकरी मुलुंडच्या एका बिल्डरकडे लागली. तिथे खाडीची खारी वाळू न धुताच स्लॅबमध्ये जाते हे तिने पाहिलं आणि साइटवर सगळ्यांसमोर बोलून दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून तिला ऑफिसात टेबलाशी बसवलं. तिनेच राजीनामा दिला.

मग ती श्यामकांत कर्णिकांच्या ऑफिसात लागली. घाटकोपर पूर्वेला त्यांचं छोटं ऑफिस होतं. कर्णिक आर्किटेक्ट, पण नव्या इमारतींपेक्षा जुन्यांची दुरुस्ती करण्यात त्यांचं नाव होतं. खादीचा झब्बा, हळू आवाज, बोलताना समोरच्याला पूर्ण बोलू द्यायचं. कॉलेजांतून त्यांची भाषणं व्हायची. माणिक घरी येऊन त्यांची वाक्यं आम्हाला ऐकवायची. त्यातलं एक तिला फार आवडायचं. जुन्या भिंतीचं काम असं करावं की काम संपल्यावर आपण तिथे होतो हे कोणाला कळूच नये.

"मग पैसे कोण देणार तुमाका?" बाबा म्हणायचे.

माणिक हसायची. त्या दिवसांत ती हसायची.

मुलुंडला पश्चिमेला, कॉलन्या संपून डोंगर सुरू होतो तिथे एक जुना पाडा आहे. पाड्याच्या वरच्या अंगाला महादेवाचं देऊळ. शेजारी झरा, आणि झऱ्याचं पाणी दगडी कुंडात पडतं. सगळे त्याला झऱ्याचं देऊळच म्हणत. गाभारा काळ्या दगडाचा, ठेंगणा. वर विटांचं शिखर आणि त्यावर चुन्याचा गिलावा. शिखराच्या कोनाड्यांत चुन्याचीच बोटभर उंचीपासून हातभर उंचीपर्यंतची माणसं होती. ढोलकीवाला, आरशात बघणारी बाई, खांद्यावर बंदूक टाकलेला शिपाई, पगडी घालून हुक्का ओढणारा एक म्हातारा. देव कमी आणि माणसंच जास्त. कोणा गवंड्याने आपल्या ओळखीचे लोक वर नेऊन बसवले असावेत, असं माणिक म्हणायची.

शिखराला भेगा गेल्या होत्या. दगडांच्या सांध्यांतला चुना झडला होता, पिंपळाने मुळं घातली होती. पाड्याची देऊळ कमिटी होती, तिचे अध्यक्ष चंद्रप्रकाश. मुलुंडमध्ये त्यांच्या तीन-चार इमारती उभ्या होत्या आणि पुढच्या वर्षांत आणखी उभ्या राहायच्या होत्या. त्यांनी जीर्णोद्धाराचं मनावर घेतलं. एका धर्मादाय संस्थेने मदत देऊ केली, पण अट घातली की काम जुन्या पद्धतीने, चुन्यातच व्हायला हवं आणि दर्जा पाहायला जाणकार माणूस साइटवर हवा. म्हणून कर्णिक आले, आणि कर्णिकांची माणूस म्हणून माणिक. मजूर आणि गवंडी मात्र चंद्रप्रकाशांचे. माणिकला तेव्हाच हे खटकलं होतं. देऊळ त्यांच्या हातात, काम करणारे त्यांचे, आणि कामावर लक्ष ठेवायचं आपण, ते कसं?

"होईल नीट," कर्णिक म्हणाले. "तू आहेस ना."

पंच्याऐंशीच्या दिवाळीनंतर काम सुरू झालं. मी एका रविवारी गेले होते. कुंडाच्या बाजूला खड्डा खणून त्यात चुना भिजत घातला होता. लोण्यासारखा पांढरा, वर पाण्याची साय. लवू नावाचा रत्नागिरीकडचा गवंडी हाताखाली चार माणसं घेऊन सांधे साफ करत होता. पुजारी दादू गुरव कुंडाच्या कडेला बसून सगळ्यांवर देखरेख केल्यासारखा बघत होता. माणिकने मला भिंतीजवळ नेलं.

"नख ओढ इथे."

मी ओढलं. काल भरलेल्या सांध्यावर पांढरा ओरखडा उठला.

"असंच हवं," ती म्हणाली. "चुन्याला सावकाश घट्ट होऊ द्यायचं. ही भिंत जमिनीतून पाणी ओढते, झरा बघ ना, हा इथेच. ते पाणी सांध्यातल्या चुन्यातून बाहेर येतं आणि वाळतं. म्हणून एवढी वर्षं उभी आहे. सिमेंट भरलं तर पाणी आतच कोंडतं. ओल्या अंगावर रेनकोट घालून बसल्यासारखं."

ती चेहऱ्यावर चुन्याचे शिंतोडे घेऊन बोलत होती, आणि मला ती फार दिवसांनी छान दिसली.

एके दिवशी सकाळी तिने नेहमीप्रमाणे नख ओढलं आणि ओरखडा उठला नाही. नख मात्र तुटलं. तिने खालचा सांधा पाहिला, पलीकडचा पाहिला. उत्तरेची अख्खी भिंत राखाडी. तिने लवूला बोलावलं.

"लवू, ह्यात काय घातलंस?"

लवूने खोटं सांगितलं नाही. "थोडं सिमेंट मॅडम. शेठनी पाठवलं. चुन्यात वेळ जातो म्हणाले. आणि खरं सांगू, माझी पण कंबर गेली हो चुना मळून मळून. हे लगेच बसतं."

"किती भिंती केल्यास?"

"ही एकच."

तिने काम थांबवलं. दुपारी चंद्रप्रकाश गाडीतून आले. पांढरा सफारी, कपाळाला गंध. माणसांनी त्यांना खुर्ची आणून दिली. ते बसले, माणिकला मात्र बस म्हणाले नाहीत.

"मॅडम, माझ्या बिल्डिंगा बघितल्यात ना? सगळ्या सिमेंटच्या. एक तरी पडली का?"

"तुमच्या बिल्डिंगा अजून दहा वर्षांच्या नाहीत," माणिक म्हणाली. "हे देऊळ दोनशे वर्षं उभं आहे."

"म्हणूनच तर ताकद द्यायला हवी ना. चुना काय, पानवाल्याकडे पण मिळतो." आजूबाजूची माणसं हसली. चंद्रप्रकाशही हसले, आणि हसता हसताच त्यांनी गाभाऱ्याच्या पायरीशी तंबाखूची पिंक टाकली. माणिक म्हणाली, तो माणूस देवासाठी सगळं करतोय असं सांगत होता आणि देवाच्या पायरीवर थुंकत होता, आणि तिथे कोणालाच ते दिसलं नाही.

त्या वेळी कर्णिक तिच्या पाठीशी उभे राहिले, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः आले, त्यांनी राखाडी सांधे छिन्नीने कोरून काढायला लावले. सिमेंट निघताना दगडांच्या कडाही तुटल्या, पण निघालं. माणिक घरी आली ती बाबांसाठी खरवस घेऊन. कर्णिकांविषयी बोलताना तिचा आवाज असा झाला होता, जसा देवळातून आलेल्या माणसाचा होतो.

मग महाशिवरात्र जवळ आली. चंद्रप्रकाशांनी उद्घाटनाला एका मंत्र्याला बोलावलं होतं. पत्रिका छापून झाल्या होत्या, शिखराचं काम अर्धंही झालं नव्हतं. त्याच सुमारास कर्णिकांच्या ऑफिसात नवा नकाशा टेबलावर आला. भांडुपला चंद्रप्रकाशांची मोठी वसाहत होणार होती, बागेसकट, शाळेसकट, आणि तिचे आर्किटेक्ट कर्णिक. माणिकने नकाशा पाहिला आणि गुंडाळून ठेवला. घरी येऊन जेवली नाही. मी विचारल्यावर म्हणाली, "काही नाही गं, उगाच माझ्या मनात घाण येतेय."

ती घाण उगाच नव्हती.

फेब्रुवारीत बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. माणिकने पंधरा-वीस दिवसांची रजा घेतली. मला एक्स्चेंजमधून रजा मिळत नव्हती, म्हणून तीच दवाखान्यात बसली. जाण्याआधी कर्णिकांना तिने पुन्हा पुन्हा सांगितलं, शिखराला नुसता चुन्याचा हात द्यायचा, त्या चुन्याच्या माणसांना कोणी हात लावायचा नाही. कर्णिक म्हणाले, तू निर्धास्त जा.

बाबा घरी आले आणि माणिक साइटवर गेली. त्या दिवशी माझी दुपारची पाळी होती, म्हणून मीही सोबत गेले. पाड्याच्या वाटेवरूनच वास यायला लागला. ऑइलपेंट आणि ॲसिड. उन्हाने तो वास जड होऊन झाडांखाली बसला होता.

आधी मला देऊळ ओळखूच आलं नाही. शिखर गुलाबी झालं होतं. कडांना पोपटी पट्टे, कळसाला सोनेरी. जुना गिलावा तारेच्या ब्रशांनी घासून, ॲसिडने धुऊन वर सिमेंटचा थर चोपडला होता आणि त्यावर ऑइलपेंट. कोनाड्यांतली माणसं तिथेच होती, पण त्यांना सिमेंटची नवी नाकं लावली होती. सगळ्यांना सारखीच नाकं. डोळे काळ्या रंगाने काढले होते, ओठ लाल. आरशात बघणाऱ्या बाईचा आरसा नीट करता आला नसावा, तिच्या हातात आता सिमेंटचा गोळा होता. हुक्केवाल्या म्हाताऱ्याची नळी तुटली म्हणून त्याच्या हातात त्रिशूळ दिला होता. त्याचा शंकर करून टाकला होता, पगडीवाला शंकर.

माणिक थेट गाभाऱ्यात शिरली. मी मागोमाग. काळा दगड कुठे दिसतच नव्हता. खालपासून वरपर्यंत पांढऱ्याशुभ्र टाइल्स, मध्ये एक निळ्या फुलांची रांग. ट्यूबलाइट लावली होती, ती सगळीकडून चमकत होती. स्टेशनातल्या मुताऱ्यांना लावतात त्याच टाइल्स. मधोमध पिंड, तिच्यावर ताजं बेलपान, आणि तिचा काळा आकार त्या पांढऱ्या चकचकाटात असा दिसत होता की माझ्याच्याने बघवेना. देवाकडे बघून लाज वाटली असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

माणिक बाहेर आली, कुंडाच्या पायरीवर बसली आणि ओकली. सकाळचा चहा, पोहे, सगळं. मी तिची पाठ धरली. लवू लांब उभा होता, जवळ आला नाही. दादू गुरवाने तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि म्हणाला, "ताई, मी सांगितलं होतं त्यांना, तुम्ही आल्याबिगर नको. पण कर्णिकसाहेब होते ना इथे."

"होते?"

"दोनदा आले की. रंग त्यांनीच पास केला."

ती तशीच उठून घाटकोपरला गेली. मीही गेले, पाळी चुकवून. कर्णिकांनी आम्हा दोघींना बसवलं. त्यांच्या चेहऱ्यावर ओशाळलेपण होतं, पण तेही नीटनेटकं, इस्त्री केल्यासारखं.

"माणिक, तुझं दुःख मला कळतं," ते म्हणाले. "पण देऊळ लोकांचं आहे. लोकांना हे आवडतं. आपण कोण ठरवणारे?"

"लोकांना विचारलंत?"

"चंद्रप्रकाश लोकांचेच प्रतिनिधी आहेत."

"आणि भांडुपची कॉलनी?"

त्यांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. मग त्याच हळू आवाजात म्हणाले, "तो वेगळा विषय आहे. बघ, आपण तत्त्व सांगायचं असतं. शंभर टक्के कुठेच होत नाही. सत्तर टक्के झालं तरी पुष्कळ."

"सर, सत्तर टक्के काय झालं ते सांगा. मी बघून आलेय."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. संस्थेला पाठवायचा अहवाल पुढे सरकवला, काम समाधानकारक झालं असं लिहिलेला. खाली तिच्या सहीसाठी जागा सोडली होती. माणिकने तो उचलला नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं ती आता ओरडेल. ती ओरडली नाही. मोरीत काही सडलेलं दिसल्यावर माणूस बघतो तसं तिने कर्णिकांकडे बघितलं, आणि आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी राजीनामा पोस्टाने गेला.

घरी वेगळीच गंमत. बाबा बरे झाल्यावर शिवरात्रीला मुद्दाम झऱ्याच्या देवळात जाऊन आले आणि खूश होऊन आले.

"काय सुंदर केल्यानी गे. देवाक बरा घर मिळाला, तर तुझ्या पोटात कित्याक दुखता?"

"बाबा, ते घर नाही. संडास केलाय त्याचा."

"तोंड सांभाळ." बाबा चिडले. "आमच्या खोलयेक टाइल्स नाय. मिलातल्या सायबाच्या संडासाक होते, आमका तिथे जावक देत नव्हते. आता देवाक लागले तर तुका घाण वाटता?"

माणिक गप्प बसली. मला ते तिचं गप्प बसणं समजलं. बाबांची ती गोष्ट खरीच होती. तिला कर्णिकांचा तिटकारा येऊ शकत होता, चंद्रप्रकाशांचा येऊ शकत होता, पण बाबांच्या आनंदाचा तिटकारा कसा करायचा? त्या दिवसांत ती कोणाशीच धड बोलत नसे. नव्या नोकरीसाठी दोन ठिकाणी जाऊन आली, दोन्ही ठिकाणी बिल्डर. एकाने विचारलं, तुम्ही सही करायला त्रास देता असं ऐकलंय. ती म्हणाली, खरं ऐकलंय तुम्ही. शेवटी भांडुपच्या एका शाळेत मुलांना गणित शिकवायला लागली.

पाऊस सुरू झाला आणि जवळजवळ संपत आला, तेव्हा दादू गुरव आमच्याकडे नाहूरला आला. छत्री दारात ठेवून पायरीवरच उभा राहिला.

"ताई, गाभाऱ्यात वास येतो. उदबत्त्या लावून थकलो. काल अभिषेक चालला होता तर टाइल निसटून पिंडीवर पडली. तुम्ही येऊन बघा."

माणिक म्हणाली, "मी कोण? कमिटीला सांग."

"कमिटी म्हणते, देऊळच कमजोर आहे. पाडून नवीन बांधू. सिमेंटचं, दुमजली. खाली हॉल."

बाबा खिडकीतून उठले. शर्ट घातला. "चला," म्हणाले. "मी पण येतंय."

मी तो गाभारा विसरणार नाही. टाइल्स अजून पांढऱ्याच होत्या, पण भिंत पोटुशी बाईसारखी पुढे आली होती. टाइलांच्या फटींतून काळपट पाणी पाझरत होतं. माणिक दारातच थांबली. बाबांनी खिशातून पाना काढला. फिटर माणूस, मिल गेली तरी पाना खिशात. त्यांनी सैल झालेली एक टाइल उचकटली. मागून बोटभर पाणी भळकन बाहेर आलं. मग तो वास. साचलेलं पाणी, कुजलेलं बेलपान, अभिषेकाचं दूध, सगळं आत भिंतीमागे जाऊन बसलेलं. दगडावर पांढरी बुरशी आणि तिच्यात वळवळणारे बारीक किडे. सांध्यातला चुना नासलेल्या दुधासारखा फुटला होता.

बाबांनी नाकाला रुमाल लावला. मग वाकून ते त्या भोकात डोकावले.

"मिलात पाइप असोच असायचो," ते म्हणाले. "भायरसून रंग, आतसून सडलेलो. आणि सायेब येवन म्हणत, ओके." मग माणिककडे न बघता म्हणाले, "काढूक होये ह्यां सगळां. घाण हा ही."

 माणिकने त्यांच्या हातातला पाना घेतला आणि शेजारची टाइल काढली.

पण टाइल्स काढणं कमिटीच्या हातात होतं. कमिटीची सभा देवळासमोर भरली. चंद्रप्रकाशांनी नवीन देवळाचं चित्र आणलं होतं, रंगीत. त्यांनी समजावून सांगितलं की जुनं बांधकाम आता धोकादायक आहे, तज्ज्ञांनीही तसंच सांगितलंय, आणि काम होईपर्यंत पिंड बाजूला मांडवात हलवून ठेवू. तज्ज्ञ म्हणजे कर्णिक, हे माणिकला लगेच कळलं. ती उठली. सहा महिन्यांपूर्वी जी भिंत सरळ होती ती आज फुगली कशी, हे तिने सांगायला सुरुवात केली. पाणी, सांधे, सिमेंट. लोकांना काही कळलं, काही नाही. चंद्रप्रकाश हसत होते. "मॅडमना नोकरीवरून काढलं, म्हणून राग आहे," असं ते शेजारच्याला म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

तेव्हा मागून शेवंतीबाई उठल्या. पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या. रोज कुंडाचं पाणी पिंडीवर घालणाऱ्या.

"शेठ, पिंड हलवणार म्हणता. ती स्वयंभू आहे. माझ्या सासऱ्याच्या आज्यापासून कोणी हलवली नाही. हलवणार कोण, त्याचं नाव सांगा आधी."

 चंद्रप्रकाश म्हणाले, मजूर हलवतील. शेवंतीबाई म्हणाल्या, मजुराला पण नाव असतं. मागच्या बाजूला लवू बसला होता. तो उठला आणि म्हणाला, "मी नाही हात लावणार. आणि त्या टाइल्स मीच लावल्यात, तर मीच काढतो. पैसे नकोत."

माणिकच्या पाण्याच्या आणि सांध्यांच्या बोलण्याने जे झालं नव्हतं ते पिंड हलवायच्या भीतीने झालं. माणिक नंतर म्हणाली, मला त्याचं काही वाटत नाही, भिंत वाचली ना. पण तिला वाटलं होतं. चुना काय करतो हे ऐकून कोणी उठलं नाही, याचं तिला वाटलं होतं.

टाइल्स निघाल्या. तो मलबा टोपल्यांनी बाहेर काढताना बायकांनी पदर नाकाला लावले होते. फुगलेली भिंत बाबांनी लोखंडी टेकूंवर धरून दिली, मिलमधल्या दोन जुन्या जोडीदारांना बोलावून. उन्हाळाभर गाभारा उघडा ठेवून वाळवला. मग लवूने पुन्हा चुना भिजवला आणि माणिक शाळा सुटली की तिथे जाऊन एकेक सांधा बघायची. गाभारा वाचला. काही दगड कायमचे फुटले, त्यांच्या कडा ॲसिडने खाल्ल्या होत्या, पण तो उभा आहे.

शिखर नाही वाचलं. सत्त्याऐंशीच्या पावसात सिमेंटचा थर सालपटासारखा सुटला आणि सुटताना खालचा जुना चुना घेऊन गेला. ढोलकीवाला, शिपाई, आरसावाली बाई, सगळे एका आठवड्यात खाली आले. कमिटीने वर आरसीसीचा घुमट बसवला. तोही गुलाबीच. त्याच्या उद्घाटनाला माणिक गेली नाही.

पुढच्या वर्षी अंधेरीच्या एका सभागृहात कर्णिकांचं भाषण होतं. जुन्या वास्तूंचं जतन आणि कामाचा दर्जा, असा विषय. माणिक मला ओढून घेऊन गेली. पडद्यावर स्लाइड्स दाखवत ते बोलत होते. झऱ्याचं देऊळ आलं. चुन्याचा खड्डा, साफ केलेले सांधे, आणि एका स्लाइडमध्ये सांध्यावर नख ओढणारा हात. तो माणिकचा हात होता. कर्णिक म्हणाले, अशी बारकाई आम्ही पाळली. मग पुढची स्लाइड आली ती दुसऱ्याच कुठल्यातरी किल्ल्याची.

माणिक अंधारातच उभी राहिली. "सर, त्या देवळाच्या पुढच्या स्लाइड्स दाखवाल का?"

सभागृहात चुळबुळ झाली. कर्णिकांनी आवाज ओळखला. "वेळ कमी आहे," ते म्हणाले. "प्रश्न शेवटी घेऊ."

शेवटी प्रश्न घेतले नाहीत. पुष्पगुच्छ दिले गेले, टाळ्या झाल्या. बाहेर पडल्यावर माणिक रस्त्यावरच्या नळाखाली हात धूत राहिली, साबण नसताना, कितीतरी वेळ. मी म्हटलं, चल गं, बस येईल. ती म्हणाली, "माझा हात वापरला त्याने."

आणि तोच माणूस एकोणनव्वदच्या सुरुवातीला आमच्या दारात आला. थकलेला दिसत होता. भांडुपच्या कॉलनीवरून चंद्रप्रकाशांशी बिनसलं होतं म्हणे. बोरिवलीला एक जुनी बांधीव विहीर होती, आत कमानी, उतरायला दगडी जिना. ती दुरुस्त करायचं काम एका संस्थेकडून त्यांच्याकडे आलं होतं.

"मला साइटवर बसणारं, चुना कळणारं माणूस मिळत नाही," ते म्हणाले. "तुझ्याशिवाय होणार नाही, माणिक. झालं ते झालं."

मला वाटलं ती दार लावून घेईल. बाबांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते खिडकीतून उठून उभेच राहिले. माणिकने विचारलं, विहिरीत पाणी आहे का, कमानींचे दगड हलले आहेत का, गवंडी कोणाचे. कर्णिकांनी सांगितलं. ती ऐकत होती आणि तिचं नाक तसंच आक्रसलेलं होतं, जसं त्या गाभाऱ्यात होतं.

"गवंडी मी आणणार, लवूला," ती म्हणाली. "आणि काम थांबवायचा अधिकार माझा. तुमचा नाही, मालकाचा नाही. हे संस्थेला तुम्ही माझ्यासमोर लिहून द्यायचं."

ते कबूल झाले. तिने शाळेतून रजा घेतली आणि बोरिवलीचं काम घेतलं. विहीर छान झाली. मी पाहून आले. आत उतरल्यावर कुठला दगड नवा आणि कुठला जुना ते कळत नाही.

कर्णिक अधूनमधून साइटवर यायचे, डबा आणायचे, सगळ्यांना वाटायचे. माणिक त्यांच्याशी कामाचं तेवढं बोलायची, व्यवस्थित, सर म्हणून. त्यांच्या डब्यातला घास मात्र तिने कधी घेतला नाही. एकदा मीच तिला म्हटलं, आता पुरे की गं, एवढं काय. ती म्हणाली, "विहिरीचा काय दोष? म्हणून केली. त्याचा डबा माझ्या घशाखाली उतरत नाही, तर मी काय करू?"

 तिने पिशवीतून आपली भाकरी काढली, शेजारच्या लवूला अर्धी दिली, आणि दोघं कमानीखाली सावलीत बसून जेवली.